अ‍ॅन आर्बरचा पाद्री आणि जमखंडीचा विठ्ठल

मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना हिवाळ्याचे वर्णन ऐकवण्याची गरज नाही. एप्रिलमध्ये बर्फ पडला की माझी पत्नी "आता कायमचे पुण्याला" असे जाहीर करते आणि जून लागला की ते विसरून जाते. तिला विसरायला लावणारी गोष्ट म्हणजे आमच्या अ‍ॅन आर्बरचा समर फेस्टिव्हल. १९८४ साली हा उत्सव सुरू झाला. त्यातल्या मोफत कार्यक्रमांना 'टॉप ऑफ द पार्क' म्हणतात. यातला पार्क म्हणजे बाग नव्हे, पार्किंग! पहिली कित्येक वर्षे हे कार्यक्रम फ्लेचर स्ट्रीटवरच्या पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर होत असत. २००६ साली ते खाली, रॅकहॅम इमारतीसमोरच्या हिरवळीवर आले, पण नाव तेच राहिले. आपल्याकडे नाही का, तळे बुजून शंभर वर्षे झाली तरी 'धोबीतलाव' हा 'धोबीतलाव'च असतो!

संध्याकाळी घडीच्या खुर्च्या, चटया आणि डबे घेऊन माणसे येतात. बँड वाजतो, पोरे हिरवळीवर लोळतात, बर्टन टॉवरचे घड्याळ वेळ सांगत राहते. जूनमध्ये सूर्य सव्वानऊपर्यंत मावळत नाही, त्यामुळे उघड्यावरचा सिनेमा सुरू व्हायला दहा वाजतात. माझ्या लहानपणी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा असे. तिथेही अंधार पडेपर्यंत थांबावे लागे आणि तोपर्यंत शेंगा संपलेल्या असत. इथे शेंगांच्या जागी केटल कॉर्न, एवढाच फरक.

गेल्या वर्षी याच हिरवळीवर, बँडच्या आवाजात, मी पत्नीला पहिल्यांदा सांगितले की मला नोकरी सोडावीशी वाटते आहे. वीस-बावीस वर्षे मी कन्सल्टिंग करतो आहे. इथे एम.एस. केले, मग मोटारकंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने यांच्या संगणकप्रणाली बसवत फिरलो. काम वाईट नाही. पण काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागलो आणि तिथे एका रात्री, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एका मराठी आजोबांच्या उशाशी बसायची वेळ आली. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते. त्यांना माझ्याकडून हवे होते ते इतकेच, की कोणीतरी हरिपाठ म्हणावा. मला चारच अभंग येत होते. तेच फिरून फिरून म्हटले. पहाटे घरी आलो तेव्हा त्या दिवशीची 'गो-लाइव्ह'ची मीटिंग मला दुसऱ्याच कोणाची तरी वाटली.

इथल्या रुग्णालयांत रुग्णाच्या मनाला आधार देणारा 'चॅपलिन' हा पगारी माणूस असतो. त्याला इंग्रजीत एकंदरीत 'मिनिस्ट्री' म्हणतात. मी हा शब्द फोनवर आईपाशी वापरला आणि पस्तावलो. "मिनिस्ट्रीत? कुठल्या पक्षातून?" तिने विचारले. मराठीत या कामाला धड शब्द नाही. भटजी म्हणावे तर विधी आले, कीर्तनकार म्हणावे तर गळा हवा, आणि 'मिशनरी' म्हटले की ऐकणारा दोन पावले मागे सरकतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने वकिलीचा अभ्यास अर्धा टाकून नेमका हाच पेशा पत्करला, आणि 'मिशनरी' हा शब्दही बिनदिक्कत स्वतःला लावून घेतला. त्याच्या त्या निर्णयाचा एक धागा आमच्या फेस्टिव्हलच्या हिरवळीपासून पाच मिनिटांवरच्या एका कोपऱ्यापर्यंत येतो, हे मला अलीकडे कळले. या लेखाचे कारण तेच.

तो कोपरा म्हणजे स्टेट आणि ह्युरॉन हे रस्ते मिळतात ती जागा. तिथे दगडी भिंतींची एक जुनी चर्चची इमारत आहे. १८८२ साली ती युनिटेरियन पंथाच्या मंडळींनी बांधली. १९४६ च्या सुमारास ती मंडळी दुसरीकडे गेली, मग तिथे दुसरे चर्च आले आणि पुढे अनेक वर्षे वास्तुविशारदांचे ऑफिस होते. मी स्वतः तिच्यासमोर सिग्नलला शेकडो वेळा थांबलो असेन. युनिटेरियन म्हणजे ख्रिस्ती परंपरेतून आलेले, पण पिता-पुत्र-पवित्र आत्मा ही त्रयी न मानता ईश्वर एकच मानणारे लोक. आपल्या प्रार्थना समाजाशी त्यांचे गोत्र चटकन जुळले यात नवल नाही.

या चर्चचे पाद्री होते जेबेझ टी. सन्डरलंड. जन्म इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, १८४२ चा. वाढले अमेरिकेत, शिकले शिकागोत, आणि आधी बाप्टिस्ट पंथाचे पाद्री झाले. पण मनाला पटेना म्हणून १८७२ मध्ये ती गादी सोडून ते युनिटेरियन झाले. म्हणजे या गोष्टीतला पहिला 'करिअर चेंज' त्यांचाच. १८७८ ते १८९८ अशी वीस वर्षे ते अ‍ॅन आर्बरला होते. त्यांच्या पत्नी एलायझा तर त्यांच्याही एक पाऊल पुढे. त्यांनी १८९२ साली मिशिगन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, आणि दुसऱ्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत सर्व धर्मांचा गंभीरपणे अभ्यास व्हायला हवा या विषयावर व्याख्यान दिले. ही परिषद आपल्याला स्वामी विवेकानंदांमुळे माहीत असते. पण त्याच व्यासपीठावर मुंबईचे ब्राह्म समाजी बी. बी. नगरकरही बोलले होते, आणि त्यांच्या दोन विषयांपैकी एक होता हिंदुस्थानातील समाजसुधारणेचे कार्य. आपण मराठी माणसे विवेकानंदांचे "भगिनींनो आणि बंधूंनो" पाठ म्हणतो, आणि आपल्या नगरकरांचे नावसुद्धा आपल्याला माहीत नसते!

असो. १८९५ च्या अखेरीस ब्रिटनमधल्या युनिटेरियन संस्थेने सन्डरलंडना हिंदुस्थानच्या दौऱ्यावर पाठवले. तिथे आपल्या विचारांचे लोक कोण आहेत, त्यांच्यासाठी काय करता येईल, हे पाहून अहवाल द्यायचा होता. त्याच डिसेंबरात पुण्याला काँग्रेसचे अधिवेशन होते, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवायची की नाही यावरून पुण्यात रानडे आणि टिळक यांच्या पक्षांमध्ये रण पेटले होते, ते हेच अधिवेशन. अशा गरम हवेत हे मिशिगनचे पाद्री पुण्याला पोहोचले. तिथून पुढे ते खासी टेकड्यांपर्यंत गेले आणि १८९६ मध्ये परतले. त्यांच्या सूचनांपैकी एक अगदी व्यवहाराची होती. ब्राह्म किंवा प्रार्थना समाजातल्या होतकरू तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. ती सूचना मान्य झाली. १८९८ साली बिपिनचंद्र पाल त्याच शिष्यवृत्तीवर गेले. होय, लाल-बाल-पालमधले पाल.

सन्डरलंड पुण्याला आले तेव्हा विठ्ठल रामजी शिंदे २२ वर्षांचे होते आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकत होते. २३ एप्रिल १८७३ चा जन्म, गाव जमखंडी. तेव्हा ते संस्थान होते, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात येते. घर वारकरी वळणाचे. आई यमुनाबाई, वडील रामजी. ते संस्थानात साधी नोकरी करत. घरची स्थिती ओढगस्तीची. कॉलेजच्या खर्चाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती. १८९८ मध्ये बी.ए. झाले आणि रूढ वाटेने एल.एल.बी.साठी मुंबईला गेले. मराठा समाजातला, संस्थानातल्या गरीब घरातला मुलगा वकील होणार म्हणजे घराचे पांग फिटणार, हा हिशेब सगळ्यांना समजण्यासारखा होता. आपल्यापैकी किती जणांच्या घरी 'इंजिनिअर झाला की सुटलो' हा तोच हिशेब होता, ते आठवून पाहावे.

पण याच काळात ते प्रार्थना समाजात ओढले गेले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे तिथे होती. १८९८ मध्ये त्यांनी समाजाची दीक्षा घेतली. कायद्याची पुस्तके मागे पडली ती पडलीच, वकिलीची परीक्षा पूर्ण झाली नाही. मँचेस्टर कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांची निवड झाली. ती राहण्या-शिकण्याची सोय. पण बोटीचे भाडे कोण देणार? तिथे पुन्हा सयाजीराव मदतीला आले. ज्याला आपण वकील होण्याच्या वाटेवर पाहिले तो मुलगा धर्मप्रचारक व्हायला निघाला आहे, हे माहीत असूनही महाराजांनी हात आखडता घेतला नाही. सप्टेंबर १९०१ मध्ये शिंदे मुंबईहून निघाले.

मला या प्रकरणात सर्वांत अधिक कशाने अडवले असेल तर या पैशांच्या साखळीने. आपण थोरांची चरित्रे वाचतो तेव्हा 'त्यांनी वकिलीवर लाथ मारली' असे एक वाक्य असते आणि आपण पुढच्या पानावर जातो. प्रत्यक्षात लाथ मारायलाही दुसरा पाय कुठेतरी टेकलेला असावा लागतो. शिंद्यांचा तो पाय अ‍ॅन आर्बरच्या एका पाद्र्याच्या अहवालावर, एका ब्रिटिश संस्थेच्या पैशावर आणि बडोद्याच्या राजाच्या उदारपणावर टेकलेला होता. यात त्यांचे मोठेपण कमी होते असे मला वाटत नाही. उलट माझ्यासारख्या, घरावर कर्ज आणि मुलाची कॉलेजची फी डोक्यावर असलेल्या माणसाला हे वाचून हायसे वाटले. त्यांनाही आकडे जुळवावे लागले होते.

आणि जे आकड्यांत बसत नाही ते घरच्यांनी सोसले. दोन वर्षे ते परदेशात. मागे पत्नी रुक्मिणीबाई, आईवडील, बहिणी. बहीण जनाक्का हिची कहाणी वेगळीच. सासरच्या जाचातून सोडवून भावाने तिला पुण्याला शिकायला आणले होते. पुढे शिंद्यांच्या कामात ती जन्मभर खांद्याला खांदा लावून उभी राहिली. चरित्रांत तिला एखादा परिच्छेद मिळतो, तो फार कमी आहे.

ऑक्सफर्डला त्यांनी तौलनिक धर्मशास्त्राचा आणि पाली भाषेचा अभ्यास केला. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे बौद्ध वाङ्मयाचे जाणते तिथे शिकवायला होते. सुट्ट्यांत फिरून ते 'सुबोधपत्रिके'साठी प्रवासपत्रे लिहीत. इंग्लंडच्या शहरांत गरीब वस्त्यांमध्ये युनिटेरियन लोकांच्या 'डोमेस्टिक मिशन' नावाच्या संस्था चालत, त्याही त्यांनी पाहिल्या. तिथे प्रवचनापेक्षा शाळा, दवाखाना आणि घरोघर जाऊन विचारपूस हेच काम मोठे. मला वाटते, पाली भाषेइतकेच हेही शिक्षण ते घेऊन आले. १९०३ च्या सप्टेंबरात अ‍ॅमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर त्यांनी निबंध वाचला आणि मग मायदेशाची वाट धरली.

परत आल्यावर ते मुंबई प्रार्थना समाजाचे मिशनरी झाले. हे पद म्हणजे रविवारी उपासना चालवणे, व्याख्याने देणे, गावोगाव फिरून समाजाच्या शाखांना धीर देणे. पण थोड्याच दिवसांत अहमदनगरजवळच्या भिंगार गावी अस्पृश्य मंडळींच्या एका सभेला ते गेले. त्या लोकांची शिक्षणाची धडपड पाहून त्यांच्या कामाचा रोखच बदलला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला त्यांनी शाळा उघडली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशन, म्हणजे भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळ, सुरू झाले. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. प्रत्यक्ष वस्तीत राहून काम करायला शिंदे, जनाक्का आणि घरची माणसे. १९१० मध्ये त्यांनी प्रार्थना समाजाचे मिशनरीपद सोडले. ज्या पदासाठी वकिली सोडली ते पद सात वर्षांत सुटले!

तिथून पुढेही रस्ता सरळ नव्हता. १९२० साली नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत समाजाची परिषद भरली. तिथे तरुण डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने शिंद्यांच्या मिशनच्या राजकीय भूमिकेविरुद्ध ठराव झाला. ज्यांच्यासाठी आयुष्य घातले त्यांनीच सांगितले, आमच्या वतीने तुम्ही बोलू नका. मागे वळून पाहताना त्या मागणीतला न्याय आज आपल्याला दिसतो. पण त्या दिवशी शिंद्यांना काय वाटले असेल? १९२३ मध्ये ते मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. काम मात्र थांबले नाही. शेतकऱ्यांच्या परिषदा केल्या, १९३० च्या कायदेभंगात येरवड्याच्या तुरुंगात गेले, तिथे 'माझ्या आठवणी व अनुभव' लिहायला घेतले, १९३३ साली 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ दिला. २ जानेवारी १९४४ ला ते गेले. ज्यांना सविस्तर वाचायचे असेल त्यांनी गो. मा. पवारांचे चरित्र भारतातून आणवावे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे, आणि बॅगेत दोन किलो भाकरवडीऐवजी एकच किलो आणली की ते सहज मावते.

सन्डरलंड यांचेही पुढे हिंदुस्थानने काही सोडले नाही. लाला लजपतराय अमेरिकेत असताना त्यांच्या होमरूल चळवळीला त्यांनी उघड साथ दिली. कलकत्त्याच्या रामानंद चटर्जींनी १९२८ मध्ये त्यांचे 'इंडिया इन बॉन्डेज' हे पुस्तक छापले, तर सरकारने ते जप्त करून चटर्जींवर राजद्रोहाचा खटला भरला. १९३६ साली, ९४ वर्षांचे होऊन, सन्डरलंड वारले. त्यांची कागदपत्रे आमच्या विद्यापीठाच्या बेंटली लायब्ररीत आहेत. मोटारकंपन्यांच्या ऑफिसांपेक्षा ती जागा माझ्या घराला जवळ आहे.

यंदाच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा हिरवळीवर गेलो. बँड सुरू व्हायच्या आधी मी पत्नीला स्टेट-ह्युरॉनच्या कोपऱ्यावर नेले आणि शिंदे, सन्डरलंड, सयाजीराव ही सगळी कथा उभ्या उभ्या ऐकवली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुझा सयाजीराव कोण?" प्रश्न थट्टेचा नव्हता. हेल्थ इन्शुरन्स कुणाच्या नोकरीतून, मुलाची फी कुठल्या खात्यातून, माझे शिक्षण किती वर्षांचे, हे तिला खरोखर हवे होते.

म्हणून मग चटईवर बसून आम्ही हिशेब मांडला. चॅपलिन म्हणून मान्यता मिळवायची तर धर्मशास्त्राची पदवी लागते, आणि 'क्लिनिकल पास्टरल एज्युकेशन'ची चार सत्रे लागतात. प्रत्येक सत्र किमान चारशे तासांचे, बहुतेक वेळ रुग्णांच्या खोल्यांतून. हे शिक्षण १९२५ साली मॅसेच्युसेट्समधल्या वुस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन नावाच्या पाद्र्याने सुरू केले. हा गृहस्थ आधी स्वतः मनोरुग्ण म्हणून रुग्णालयात राहून आला होता. पुस्तकांऐवजी माणसे वाचायला शिका, असा त्याचा आग्रह. पत्नीला बॉइसन आवडला. शिंद्यांपेक्षा जास्त, असे ती म्हणाली, कारण त्याच्यामागे घर उघडे पडले नव्हते.

शेवटी ठरले ते असे. नोकरी सोडायची नाही, अर्ध्या वेळेची करून मिळते का ते पाहायचे. एक सत्र करायचे. ते झाल्यावर दोघांनी पुन्हा याच हिरवळीवर बसून बोलायचे, आणि तोपर्यंत मंडळात कोणाला काही सांगायचे नाही. (या शेवटच्या अटीचे काय झाले ते आपण वाचतच आहात. संपादकांनी तीनदा फोन केला, दुसरा विषय सुचेना. तिची परवानगी काढली आहे.)

आईला फोनवर नीट समजावून सांगितले. "म्हणजे आजारी माणसापाशी बसून तू काय करणार? कीर्तन?" मी म्हटले, बहुतेक वेळा गप्प बसून ऐकायचे असते. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "तुझे आजोबा जायच्या आदल्या रात्री मी एकटीच होते त्यांच्यापाशी. कोणीतरी असते तर बरे झाले असते." हे तिने मला याआधी कधीच सांगितले नव्हते.

पहिले सत्र सप्टेंबरात सुरू होते आहे. हरिपाठाचे उरलेले अभंग पाठ करायला घेतले आहेत. सध्या नवव्यावर आहे.